क्रीडाशास्त्राच्या शोधनिबंधात युक्तिवाद आणि पुरावा भक्कम कसा करायचा?

आधी नियंत्रण गट, म्हणजे तुलनेसाठी नवा सराव न दिलेला गट, आहे का ते बघा. कबड्डीपटूंना आठ आठवडे प्लायोमेट्रिक (झटपट, जोरदार उड्यांचा) सराव दिला आणि उभी उडी वाढली, म्हणजे ती सरावामुळेच वाढली असं होत नाही. दुसऱ्या चाचणीपर्यंत मुलांना उडीचं तंत्र जमलेलं असतं, हंगामात तंदुरुस्तीही आपसूक सुधारते. नेहमीचाच सराव करणारा गट सोबत हवा आणि तुलना दोन्ही गटांतल्या बदलांची एकमेकांशी हवी. ‘एका गटात पी व्हॅल्यू (खरा परिणाम नसता तरी निव्वळ योगायोगाने एवढा किंवा अधिक फरक दिसण्याची शक्यता) ०.०५ पेक्षा कमी, दुसऱ्यात जास्त’ हा पुरावाच नव्हे (कितीतरी प्रबंध यावरच उभे आहेत, असो). उडी दोन सेंटिमीटरने वाढली आणि मोजमापातली चूकही तेवढीच, तर बोलणंच खुंटलं. खेळाडू वीसच असतील तर कॉन्फिडन्स इंटरव्हल (खरा परिणाम साधारण कुठून कुठपर्यंत असू शकतो तो पल्ला) द्या, ‘सिद्ध झाले’ लिहू नका.