खुर्चीवरून उठता येणारा पंतप्रधान

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्राचा शेवटचा परिच्छेद मी पुन्हा वाचला. डॉक्टरांनी महिनाभर सक्तीची विश्रांती सांगितली आहे, पण जिल्हा परिषदेची निवडणूक तोंडावर असताना आजारपण उघड झालं तर उमेदवारी दुसऱ्याला जाईल, म्हणून कुणालाच सांगितलेलं नाही, असं लिहिलं आहेस. आणि त्याच पत्रात वर, एखाद्या यशस्वी नेत्याची कारकीर्द अभ्यासायला सुचवा अशी मागणी. दोन्हींचं उत्तर मला एकाच माणसात दिसतं: नॉर्वेचे माजी पंतप्रधान शेल माग्ने बोंडेविक. नाव ऐकलं नसशील. नॉर्वे म्हटलं की आपल्याकडे तिथल्या माजी पंतप्रधान ग्रो हार्लेम ब्रुंटलांड यांच्या पलीकडे फारसं कुणी जात नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी. जन्म १९४७चा, पश्चिम किनाऱ्यावरच्या मोल्डे गावचा. काका खासदार होते, मंत्रीही झाले, म्हणजे घरात राजकारण होतंच. आपल्याकडे घराणेशाहीवर बोलताना हेही लक्षात ठेव. ख्रिस्ती लोकपक्ष हा त्यांचा पक्ष. धर्म मानणारा, दारूबद्दल कडक आणि गर्भपाताच्या कायद्याला विरोध करणारा. पंचविशीत पंतप्रधान कार्यालयात राज्यसचिव, म्हणजे मंत्र्याच्या खालचं राजकीय पद, १९७३ मध्ये स्टोर्टिंगवर, म्हणजे तिथल्या संसदेवर, निवड. खासदार असतानाच धर्मशास्त्र पुरं करून १९७९ मध्ये त्यांनी पाद्रीपदाची दीक्षा घेतली. १९८३ला पक्षाध्यक्ष, मग शिक्षण आणि चर्च खात्याचे मंत्री, १९८९-९० या काळात परराष्ट्रमंत्री. हे सगळं यथासांग चढत गेलेलं आहे आणि त्यात तुझ्यासाठी फारसं काही नाही, एक गोष्ट सोडून.

ती गोष्ट १९८३ची. दोन वर्षं आधी, १९८१ला, कोरे व्हिलोक यांच्या उजव्या सरकारात जायला या पक्षाने नकार दिला होता, कारण गर्भपाताचा कायदा रद्द करायला बाकीचे तयार नव्हते. पक्षाच्या दृष्टीने याहून मोठा श्रद्धेचा प्रश्न नव्हता. बोंडेविक अध्यक्ष झाले त्याच वर्षी पक्ष त्या सरकारात सामील झाला. कायदा तिथेच राहिला. आपलं मत सोडलं नाही, पण त्यासाठी बाहेर बसून राहायचंही सोडलं. याला कुणी शहाणपण म्हणेल, कुणी सत्तेची ओढ. मला त्यात दोन्ही दिसतं. एवढं नोंदवून ठेव, कारण सतरा वर्षांनी हाच माणूस याच्या बरोबर उलट वागला.

१९९७ची निवडणूक मजेशीर होती. मजूर पक्षाचे पंतप्रधान थोर्ब्योर्न यागलांड यांनी जाहीर केलं होतं की, आधीच्या वेळी मिळाली तेवढी, म्हणजे ३६.९ टक्के मतं मिळाली नाहीत तर आपण सरकार सोडू. मिळाली ३५ टक्के. पक्ष सर्वांत मोठाच राहिला, पण शब्द दिलेला होता, म्हणून ते गेले. प्रचारात आकडे जाहीर करण्याची हौस तुलाही आहे असं तुझ्या भाषणांवरून दिसतं. तेव्हा यागलांड यांचा हा ३६.९ पाठ कर.

मग आले बोंडेविक, तीन मध्यममार्गी पक्षांची मोट बांधून. १६५ पैकी ४२ खासदार! आपल्याकडे एवढ्या बळावर कुणी राज्यपालांच्या दारात उभंही राहणार नाही. पण तिथली पद्धत वेगळी आहे. नव्या सरकारला बहुमत सिद्ध करून दाखवावं लागत नाही. बहुमत विरोधात उभं राहीपर्यंत सरकार चालतं. शिवाय स्टोर्टिंग मुदतीआधी विसर्जित करता येत नाही, चार वर्षं म्हणजे चार वर्षं. त्यामुळे सरकार पडलं तरी निवडणूक लागत नाही. आहे त्याच सभागृहातून दुसरं सरकार उभं राहतं. ही यंत्रणा नीट समजून घे, नाहीतर पुढचं सगळं तुला नाट्यमय वाटेल आणि त्यातला हिशेब दिसणार नाही. आणखी एक: बोंडेविक पंतप्रधान होते तेव्हा पक्षाच्या अध्यक्षा वालगेर्ड स्वार्स्टाड हॉगलांड होत्या, आणि त्याच बोंडेविक यांच्या मंत्रिमंडळात मंत्रीही होत्या. पक्ष एकीच्या हातात, सरकार दुसऱ्याच्या. हे वर्षानुवर्षं चाललं.

आता १९९८चा उन्हाळा. खनिज तेलाचा भाव घसरत चाललेला आणि नॉर्वेच्या तिजोरीला तर तेलाचाच आधार. क्रोनेवर, म्हणजे तिथल्या चलनावर, दबाव आला, मध्यवर्ती बँक व्याजदर वाढवत सुटली आणि ऑगस्टअखेर तो ८ टक्क्यांवर गेला. घरांची कर्जं घेतलेले लोक चिडलेले. पुढे शरद ऋतूत अंदाजपत्रक मांडायचं, तेही विरोधकांपैकी कुणाची तरी मनधरणी करून. या सगळ्यात पंतप्रधानांची झोप उडाली, आणि एक दिवस अंथरुणातून उठणंच जमेना. हे त्यांनी स्वतः पुढे अनेक मुलाखतींतून सांगितलं आहे.

३१ ऑगस्टला जाहीर झालं की पंतप्रधान वैद्यकीय रजेवर जात आहेत, आणि कारण नैराश्य. "प्रकृती अस्वस्थ", "किरकोळ कुरबूर", "नियमित तपासणी" असले आडपडदे नाहीत. सांस्कृतिक मंत्री आन एंगर लानस्टाइन यांनी पंतप्रधानपदाचं काम हाती घेतलं. या बाई सेंटर पार्टीच्या नेत्या, म्हणजे आघाडीतल्या दुसऱ्या पक्षाच्या. १९९४ला युरोपीय संघात जाऊ नये म्हणून झालेल्या मोहिमेचा त्या चेहरा होत्या आणि ती मोहीम जिंकल्या होत्या. भित्रा माणूस अशा सहकाऱ्याकडे खुर्ची सोपवताना दहादा विचार करील.

तीन आठवड्यांहून थोड्या जास्त रजेनंतर बोंडेविक परतले. सरकार जागेवर होतं. लोकांची त्यांना ढीगभर पत्रं आली होती, त्यांत स्वतःच्या, नवऱ्याच्या, मुलाच्या आजाराबद्दल पहिल्यांदाच मोकळेपणाने लिहिणारेही होते. लोकप्रियता घटली नाही, उलट वाढली.

याची दुसरी बाजूही बघ. १९७२ मध्ये अमेरिकेत टॉमस ईगलटन यांना उपराष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी मिळाली होती. नैराश्यावर पूर्वी विजेच्या झटक्यांचे उपचार घेतल्याचं बाहेर आलं आणि काही दिवसांतच त्यांना उमेदवारी सोडावी लागली. आजार तोच. देश वेगळा, काळ वेगळा, आणि मुख्य म्हणजे बातमी फुटण्याची पद्धत वेगळी. ईगलटन यांनी उमेदवारी स्वीकारताना ही गोष्ट सांगितली नव्हती. बोंडेविक यांनी ती पहिल्याच दिवशी जाहीर केली. शिवाय नॉर्वेत कामगाराला आजारपणाच्या पहिल्या दिवसापासून पूर्ण पगारी रजा मिळते. कारखान्यातल्या माणसाला जी रजा हक्काने मिळते तीच पंतप्रधानाने घेतली. या पायावर तो मोकळेपणा उभा होता. निव्वळ धाडसाचं कौतुक करून भागणार नाही.

म्हणूनच, त्यांनी केलं तसंच तू कर, असं मी म्हणणार नाही. ते पंतप्रधान होते, दिमतीला डॉक्टर होते, आणि पुरुष होते. तुझ्या तालुक्यात एका बाई उमेदवाराच्या आजारपणाची चर्चा कोणत्या भाषेत होईल हे मला ठाऊक आहे. त्यांना जाहीर करावंच लागलं, कारण पंतप्रधान तीन आठवडे दिसले नाहीत हे लपणार कसं? तुझ्यावर पत्रक काढायची सक्ती नाही. पण जिल्हाध्यक्षांना स्वतः जाऊन सांग, दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी. तुझ्याबरोबर दारोदार फिरणाऱ्या दोघी-तिघींना सांग. आजाराचं नाव सांगायचं की नाही हा तुझा अधिकार. खोटं कारण मात्र देऊ नकोस. खोटं कारण सांभाळायला पुन्हा माणसं लागतात, आणि ती माणसं तुझ्याकडे नाहीत.

आता उरलेली कारकीर्द, कारण ती वाचल्याशिवाय १९९८ला अवास्तव मोठं केल्यासारखं होईल.

याच सरकारने १९९८ मध्ये लहान मुलांच्या पालकांना रोख मदत सुरू केली: सरकारी अनुदानाच्या पाळणाघरात मूल न ठेवणाऱ्यांना दरमहा पैसे. हा त्यांच्या पक्षाचा लाडका विषय. मला तो पटत नाही. पैसे घेऊन घरी बसणार कोण, हे कागदावर लिहिलेलं नसलं तरी सगळ्यांना माहीत असतं, आणि नॉर्वेतही त्यावर हाच आक्षेप घेतला गेला. ज्याच्याकडून शिकायचं त्याचं सगळंच पटलं पाहिजे असं नाही.

मार्च २०००. नॉर्वेची वीज जवळजवळ सगळी पाण्यावरची. पश्चिम किनाऱ्यावर कोर्स्तो आणि कोल्सनेस इथे नैसर्गिक वायूवर चालणारी वीजकेंद्रं उभारायचा बेत होता. बोंडेविक यांचं म्हणणं, कार्बन डायऑक्साइड पकडून ठेवायचं तंत्र येईपर्यंत थांबा. मजूर पक्ष आणि उजवा हॉयरे पक्ष यांचं म्हणणं, प्रदूषणाचा कायदा बदलू, पण केंद्रं होऊ द्या. अल्पमतातल्या सरकारने अशा वेळी मान तुकवायची असते. तोवर अनेक बाबतींत त्यांनी ती तुकवलीही होती. इथे मात्र त्यांनी हा विश्वासाचा प्रश्न केला, ९ मार्चला मतदानात हरले आणि राजीनामा दिला. हवामानबदलाच्या प्रश्नावर पडलेलं हे जगातलं पहिलं सरकार मानलं जातं.

गर्भपातावर जुळवून घेणारा पाद्री वायूच्या वीजकेंद्रावर सरकार घालवतो, याचा अर्थ काय लावायचा? तत्त्वनिष्ठा म्हणून टाळ्या वाजवणं सोपं आहे. मला वाटतं, हिशेबही होता. गर्भपाताच्या प्रश्नावर देशाचं मत ठरून गेलेलं होतं आणि हट्टाने ते बदलणार नव्हतं. वायूचा प्रश्न अजून उघडा होता, आणि तीन सहकारी पक्ष त्यावर एकत्र होते. हरलो तरी उद्या परत लोकांसमोर जाता येईल असं कारण त्यांनी निवडलं. कोर्स्तोचं केंद्र पुढे उभं राहिलंच, २००७ला. परवडेना म्हणून बराच काळ बंद राहिलं आणि शेवटी मोडीत निघालं. कार्बनमुळे बंद पडलं नाही, खर्चामुळे पडलं. तेव्हा बोंडेविक खरे ठरले असं भाषणात ठोकून देऊ नकोस.

त्यांच्या जागी मजूर पक्षाचे येन्स स्टोल्टेनबर्ग आले. पण २००१च्या निवडणुकीत मजूर पक्ष २४.३ टक्क्यांवर आला, १९२४ नंतरची सर्वांत वाईट कामगिरी. नवी आघाडी झाली, तिच्यात हॉयरेचे ३८ खासदार आणि बोंडेविक यांच्या पक्षाचे २२. पंतप्रधान झाले बोंडेविक. कमी जागांच्या पक्षाचा नेता खुर्चीवर बसण्याचं आपल्याला आता नवल राहिलेलं नाही, पण इथे फोडाफोड नव्हती. हॉयरेचे नेते यान पेटरसन परराष्ट्रमंत्री झाले आणि चार वर्षं राहिले. ज्या पक्षाने दीड वर्षापूर्वी सरकार पाडायला हात दिला त्याच पक्षाने हा माणूस पंतप्रधान म्हणून स्वीकारला. हरताना त्यांनी कुणाशी बोलणं तोडलं नव्हतं, हे त्यामागचं एक कारण असावं असा माझा अंदाज.

दुसऱ्या कारकिर्दीतला मोठा निर्णय इराकचा. मार्च २००३ मध्ये, संयुक्त राष्ट्रांच्या मंजुरीशिवाय युद्धात उतरणार नाही असं नॉर्वेने सांगितलं, नाटोतला जुना सदस्य असूनही आणि सरकारात अमेरिकेकडे झुकणारा हॉयरे असूनही. त्याच उन्हाळ्यात सुरक्षा परिषदेच्या ठरावानंतर मात्र लष्करी अभियंत्यांची तुकडी इराकला गेली. दोन्ही वाच, नुसतं पहिलं वाचून भारावून जाऊ नकोस.

२००५ला पक्ष ६.८ टक्क्यांवर घसरला, सरकार गेलं, स्टोल्टेनबर्ग परत आले. बोंडेविक बत्तीस वर्षांनी संसदेतून बाहेर पडले आणि पुढच्या वर्षी त्यांनी शांतता आणि मानवी हक्कांसाठी ऑस्लो सेंटर ही संस्था काढली. दोन्ही कारकिर्दी मिळून सुमारे साडेसहा वर्षं. दुसऱ्या महायुद्धानंतर मजूर पक्षाबाहेरच्या कुणालाही तोवर एवढा काळ मिळाला नव्हता. तो विक्रम पुढे एर्ना सोलबर्ग यांनी मोडला, आणि त्या बोंडेविक यांच्याच मंत्रिमंडळात मंत्री होत्या.

तू म्हणशील, यात माझ्या विश्रांतीचं काय? बोंडेविक यांना रजेवर जाता आलं, कारण काम उचलणारं माणूस ठरलेलं होतं आणि ते काम करू शकत होतं. तुझ्याकडे मतदारयाद्या तुझ्याच लॅपटॉपवर, बूथप्रमुखांचे नंबर तुझ्याच मोबाइलमध्ये, आणि ग्रामपंचायतीत कुणाशी काय बोलणं झालं ते तुझ्याच डोक्यात. तू आजारी पडलीस म्हणून उमेदवारी जाईल अशी भीती तुला वाटते. मला वाटतं ती जाईल तर या कारणाने.

तेव्हा रविवारपर्यंत एवढं कर. याद्या, फोन आणि गावनिहाय बोलणी, या तीन कामांपुढे तीन नावं लिही. त्यांत एक तरी असं असू दे की जे तुझ्या जागी उभं राहायला लायक आहे आणि जे लिहिताना तुझा हात अडखळेल. ती यादी जिल्हाध्यक्षांकडे जाताना बरोबर ने, आणि डॉक्टरांची चिठ्ठीही. मला फोन सोमवारी कर, त्याआधी नको.

तुझे सर