गणपतीला आलेल्या पुतण्याचं लिनक्स नको

प्रश्न : नमस्कार. माझ्याकडे २०१० साली असेंबल करून घेतलेला डेस्कटॉप आहे. कोअर टू ड्युओ, २ जीबी रॅम, १६० जीबी हार्ड डिस्क, विंडोज ७. बँकेची साइट आता उघडत नाही, क्रोम सारखं अपडेट मागतं आणि अपडेट काही होत नाही. माझं काम म्हणजे आंब्याच्या पेट्यांचा हिशोब, वाशीच्या बाजारातून आलेल्या विक्रीच्या हिशोबपट्ट्या जुळवणं, सातबारा काढणं, एखादं मराठी पत्र आणि संध्याकाळी यूट्यूबवर दशावतार. पुतणे म्हणतात विंडोज काढून लिनक्स ही फुकटातली सिस्टिम टाका; त्यातला एक म्हणतो पपी नावाचं लिनक्स घ्या, दुसरा म्हणतो आर्च नावाचं, आणि भाऊ म्हणतो "ह्यो डबो आता भंगारात घाल". हलकं आणि न बिघडणारं लिनक्स कुठलं घेऊ?
(एक बागायतदार, देवगड तालुका)

उत्तर : काका, डबा भंगारात घालू नका, अजून चार-पाच वर्षं सहज ओढेल. पण आधी लिनक्स बाजूला ठेवा आणि वायर काढून सीपीयूचं झाकण उघडा. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत रॅमच्या सोनेरी पट्टीवर काळपट थर बसतो, मग मशीन कधी बीप बीप करतं, कधी मधेच हँग होतं आणि आपण शिव्या घालतो विंडोजला. रॅम काढा, पोराच्या कंपासमधलं साधं खोडरबर घ्या, पट्टीवर हलक्या हाताने दोन्ही बाजूंनी फिरवा, चुरा झटका, परत टक्क आवाज येईपर्यंत बसवा. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल, सीआर २०३२, तोही बदलून टाका. तो मेला की तारीख दहा-पंधरा वर्षं मागे जाते आणि मग बँकेची साइट "कनेक्शन सुरक्षित नाही" म्हणून बोंब मारते. (मागच्या पावसात माझ्या स्वतःच्या एसएमपीएसमध्ये, म्हणजे आतल्या वीज पुरवणाऱ्या डब्यात, पाल निघाली, तेव्हा बघून हात घाला.)

तुमच्या क्रोमचं मात्र वेगळं आहे. विंडोज ७ वर चालणारं शेवटचं क्रोम १०९, ते २०२३ सालचं, त्यामुळे त्या विंडोजवर आता कितीही खटाटोप केलात तरी ते पुढे सरकणार नाही.

आता खर्चाचं. थोडाच करायचा असेल तर आधी एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी, आत काही न फिरणारी वेगवान डिस्क), मग रॅम. २४० जीबीची साधी साटा एसएसडी लावली की हेच मशीन ओळखू येत नाही, कारण जुनं मशीन बहुतेक वेळा प्रोसेसरमुळे नाही तर हार्ड डिस्कच्या करकरीमुळे रडत असतं. रॅम ४ जीबी करा. मदरबोर्ड जी ३१ चिपसेटचा (बोर्डवरच्या मुख्य चिपचा) असेल तर ४ च्या वर जातच नाही, जी ४१ असेल तर ८ पर्यंत जातो. दुकानात जाताना जुनी रॅम खिशात घालून न्या, डीडीआर २ की ३ हे दुकानदार बघून सांगेल.

एवढं केलंत तर लिनक्स मिंट टाका, २२ मालिकेतलं, एक्सएफसीई वालं, म्हणजे हलक्या डेस्कटॉपचं. सिनॅमन वालं दिसायला देखणं आहे पण तुमच्या ग्राफिक्सला झेपणार नाही. ही मालिका उबुंटू २४.०४ वर उभी आहे आणि तिला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. खाली डाव्या कोपऱ्यात मेनू, तिथेच सगळं, विंडोज ७ वाल्या माणसाला दोन दिवसात हात बसतो. रॅम २ जीबीच ठेवायची असेल तर डेबियन १३ घ्या, एलएक्सक्यूटी डेस्कटॉप निवडून. बसवताना थोडं जास्त विचारतं, पण एकदा बसलं की बसलं, सुरक्षा अपडेट २०३० पर्यंत.

पपी वाईट नाही, सगळं रॅममध्ये उचलून चालतं म्हणून चपळ वाटतं, पण पेन ड्राइव्हवर घालून बिघडलेल्या मशीनमधल्या फाइली वाचवायला ते खरं उपयोगाचं. रोजच्या हिशोबाला मी देणार नाही. आणि आर्च? त्यात अपडेट थांबतच नाहीत, नवीन आलं की लगेच घ्यायचं आणि मधे कधी काही अडलं तर स्वतः वाचून निस्तरायचं. पुतण्या गणपतीला येणार, हौसेने टाकून देणार, गौरी गेल्या की तो मुंबईला, आणि ऐन एप्रिलमध्ये पेट्या बांधायच्या धामधुमीत स्क्रीन काळी झाली की तुम्ही त्याला फोन लावत बसणार. स्टेबल म्हणजे नुसतं हँग न होणं नाही, काल जसं होतं तसंच आज असणं.

एक चूक हमखास होते, ती सांगून ठेवतो. "जुनं मशीन" ऐकलं की कोणीतरी ३२ बिटचं लिनक्स हातात देतो. कोअर टू ड्युओ ६४ बिटचा आहे, ६४ चंच घ्या. डेबियन १३ मध्ये तर ३२ बिटचा इन्स्टॉलरच नाही, आणि फायरफॉक्सनेही १४४ नंतर ३२ बिट लिनक्सला रामराम केलाय.

आणि हलकं हलकं म्हणून फार मागे लागू नका. माझ्याकडे मिंट एक्सएफसीई नुसतं सुरू झालं की पाऊण जीबीच्या आसपास घेतं, त्यातलं दोनशे एमबी तुम्ही वाचवाल आणि फायरफॉक्समध्ये यूट्यूबची एक टॅब उघडली की ते गेलेच. दशावतार ४८० वर बघा, टॅब दोन-तीनच ठेवा. पेन ड्राइव्हवरून आधी लाइव्ह, म्हणजे मशीनमध्ये न बसवता, चालवून बघा, नेट आणि आवाज येतोय ना बघा, हिशोबाच्या फाइलींची कॉपी दुसरीकडे ठेवा, मगच हार्ड डिस्कला हात लावा.

प्रश्न : माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. प्रिंटर कॅनन एलबीपी २९००, आणि जुनी सगळी मॅटर्स श्रीलिपी या जुन्या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये. लिनक्सवर जाऊ का?
(एक वाचक, खेड)

उत्तर : दुकानाच्या मेन मशीनवर नको. तो प्रिंटर कॅप्ट नावाची स्वतःचीच भाषा बोलतो, लिनक्सवर त्याला बोलता करता येतं पण खटपट करून, आणि गिऱ्हाईक समोर उभं असताना खटपट परवडत नाही. एचपीच्या बऱ्याच प्रिंटरांचं सोपं आहे, १०२० ला फक्त एकदा नेटवरून प्लगइन उतरवून घ्यावं लागतं. श्रीलिपीची फाइल लिब्रेऑफिसमध्ये (लिनक्सवरचं वर्डसारखं सॉफ्टवेअर) उघडली की इंग्रजी अक्षरांचा काला दिसेल, तो फॉन्ट मशीनमध्ये घातला की वाचता येते, पण त्याच फॉन्टात नवीन टायपिंग करणं म्हणजे डोक्याला ताप. दुसरं मशीन असेल तर त्यावर लिनक्स टाका, नवीन कामं युनिकोडमध्ये (कुठल्याही मशीनवर वाचता येणारं मराठी) इनस्क्रिप्ट कीबोर्डने करायची सवय लावा, आणि जुनं मॅटर गिऱ्हाईक मागेल तसं तसं बदलत जा.

प्रश्न : आमच्याकडे लाईट सारखी जाते. लिनक्स खराब होईल का?
(एक वाचक, गुहागर)

उत्तर : सहसा नाही. लिनक्सच्या फाइली ठेवायच्या ईएक्सटी ४ या पद्धतीत जर्नल, म्हणजे बदलांची नोंदवही, असतं, लाईट आल्यावर ते स्वतःच तपासून सावरून घेतं. तुमची सेव्ह न केलेली फाइल मात्र जाणार, तेव्हा छोटा यूपीएस लावाच. आणि ऑक्टोबरात संध्याकाळी ढग गडगडायला लागले की नुसता प्लग काढून भागत नाही, राउटरची वायरही काढा, कारण वीज त्या वायरमधून येऊन लॅन पोर्ट जाळते. माझे असे दोन गेलेत.