वाचकांचे प्रश्न : टायरमधल्या हवेवर नजर ठेवणारी यंत्रणा कोणती घ्यावी?

प्रश्न : माझ्याकडे फोर बाय फोर गाडी आहे. आम्ही दोन कुटुंबे मिळून तीन आठवड्यांच्या प्रवासाला निघणार असून वाटेत डांबरी रस्ता, दगडगोट्यांचा कच्चा रस्ता, वाळू आणि उंच घाट असे सगळे टप्पे येतील. मागे सामानाचा लहान ट्रेलर असेल. टायरचा दाब कमी झाल्याची सूचना देणारी यंत्रणा गाडीत मुळातच आहे. पण वाळूसाठी हवा सोडली की तिचा पिवळा दिवा लागतो आणि हवा परत भरेपर्यंत विझत नाही. वेगळी यंत्रणा घ्यावी काय? घ्यायची झाल्यास व्हॉल्ववर टोपीसारखी बसणारी बरी, की टायरच्या आत बसणारी?

उत्तर : आपल्या गाडीतला दिवा बिघडलेला नाही, तो ज्या कामासाठी बसवला आहे ते काम वेगळे आहे. सदोष टायरमुळे झालेल्या अपघातांच्या मालिकेनंतर अमेरिकेने २००० साली कायदा केला आणि सप्टेंबर २००७ पासून तिथल्या नव्या हलक्या वाहनांना ही यंत्रणा सक्तीची झाली; युरोपीय संघात नोव्हेंबर २०१४ पासून प्रत्येक नव्या मोटारीला ती लागू झाली. अमेरिकी नियमानुसार दाब शिफारशीपेक्षा २५ टक्क्यांनी खाली गेला की इशारा मिळाला पाहिजे. हे गणित हमरस्त्यावरच्या, एकाच दाबावर वर्षभर चालणाऱ्या गाडीसाठी आहे. आपल्या गाडीची शिफारस ३४ पीएसआय (दर चौरस इंचावर इतके पौंड, हे दाबाचे माप) असेल तर साधारण साडेपंचवीसच्या खाली दिवा लागणार, आणि वाळूत आपण १६ पीएसआयवर चालत असाल तर तो अर्थातच सतत पेटलेला राहणार. खरा धोका त्यापुढे आहे. काट्याने १६ चे ११ झाले, तरी आधीच पेटलेल्या दिव्याकडे सांगण्यासारखे काही उरलेले नसते, आणि चालकालाही एव्हाना त्याच्याकडे न पाहण्याची सवय लागलेली असते. म्हणून वेगळी यंत्रणा घ्यावी असेच माझे मत आहे; मात्र ती निवडताना टोपी की आतली हा प्रश्न दुसरा ठेवावा.

पहिला प्रश्न असा, की इशाऱ्याची खालची मर्यादा आपण स्वतः किती खाली नेऊ शकतो. काही संचांत ही मर्यादा २० पीएसआयच्या वरच अडते, तर काहींत ती कारखान्यातूनच पक्की केलेली असते. असा संच कितीही देखणा असला तरी वाळूत तो आपल्या पिवळ्या दिव्याचाच भाऊ ठरतो. कच्च्या रस्त्यावर २५ ते २८, खडकाळ चढणीवर २० च्या आसपास, मऊ वाळूत १५ ते १८ आणि गाडी रुतलीच तर तात्पुरते १२, अशी माणसे हवा कमी-जास्त करतात. गाडीचे वजन, टायरचा आकार आणि लादलेले सामान यांनुसार हे आकडे बदलतात, हे मी गृहीत धरतो. तेव्हा मर्यादा निदान १० ते १२ पीएसआयपर्यंत नेता आली पाहिजे, पुढच्या आणि मागच्या धुरीसाठी, म्हणजे चाकांच्या जोडीसाठी, ती वेगवेगळी ठेवता आली पाहिजे, आणि ती बदलायला गाडी थांबवून माहितीपुस्तिका उघडावी लागू नये. डांबरी रस्ता आणि वाळू अशा दोन मांडण्या साठवून एका कळीवर अदलाबदल करू देणारा संच मिळाला, तर इतर दहा सुविधांवर पाणी सोडायला हरकत नाही. माहितीपुस्तिका आधी मागून घेऊन ही एक गोष्ट स्वतः वाचावी. खोक्यावर ती बहुधा छापलेली नसते.

आणखी एक भेद इथेच स्पष्ट करतो. काही गाड्यांतली मूळ यंत्रणा दाब मोजतच नाही. ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणाऱ्या एबीएस यंत्रणेचे चाकाच्या वेगाचे सेन्सर वापरून ती अंदाज बांधते, कारण हवा कमी झालेल्या चाकाची फिरतानाची प्रत्यक्ष त्रिज्या घटते आणि ते इतरांपेक्षा किंचित जास्त फेरे घेते. वाळूत किंवा चिखलात चाके घसरतात तेव्हा या तर्काचा पायाच ढासळतो. शिवाय चारही चाकांतली हवा सारखीच कमी झाली, तर अशा साध्या तुलनेत काहीच दिसत नाही. आपल्या कामासाठी प्रत्येक चाकावर स्वतंत्र सेन्सर असलेली, प्रत्यक्ष आकडा दाखवणारी यंत्रणाच हवी.

आता टोपी की आतली याकडे वळतो. टोपी-सेन्सर बसवायला टायर उतरवावा लागत नाही, त्याची नाण्याच्या आकाराची बॅटरी आपल्याला बदलता येते, आणि ट्रेलरच्या किंवा उसन्या चाकांवरही तो दोन मिनिटांत चढतो. परंतु त्याचे काम कसे चालते हे लक्षात घेतले पाहिजे. दाब मोजण्यासाठी तो व्हॉल्वची पिन सतत दाबून धरतो. म्हणजे व्हॉल्व उघडाच असतो आणि हवा अडवून धरण्याची सगळी भिस्त त्या टोपीच्या रबरी वॉशरवर आणि प्लॅस्टिकच्या कवचावर असते. माझ्या गाडीच्या मागच्या चाकावरची अशी टोपी एकदा ओढ्याचा काठ चढताना दगडाला घासली. कवच गेले, आट्यांचा भाग तसाच अडकून राहिला, पिन दाबलेलीच राहिली आणि टायर पाहता पाहता बसला. याहून शिकवणारी गोष्ट म्हणजे डिस्प्लेवर १८ हा आकडा बराच वेळ शांतपणे झळकत होता, कारण तुटलेला सेन्सर काही कळवू शकत नव्हता आणि डिस्प्लेने शेवटचा निरोपच खरा मानला होता. तेव्हापासून संदेश बंद पडल्यास यंत्रणा किती वेळात तसे सांगते, हे मी खालच्या मर्यादेच्या खालोखाल महत्त्वाचे मानतो.

टोपी-सेन्सर घेतलेच तर त्यांच्याखालचे व्हॉल्व धातूचे करून घ्यावेत. रबरी व्हॉल्ववर वेगात हे जास्तीचे वजन बाहेरच्या बाजूला ओढ घेते आणि व्हॉल्वच्या मुळाशी कालांतराने चिरा पडतात. पितळी आटे आणि ॲल्युमिनियमचे व्हॉल्व यांची जोडी मात्र टाळावी. ओलावा व क्षार लागला की दोन धातूंमध्ये गंज धरतो आणि टोपी निघता निघत नाही. चोरी होऊ नये म्हणून काही टोप्यांखाली घट्ट करायचा नट देतात. दिवसातून दोनदा चार चाकांची हवा सोडायची आणि भरायची असेल तर तो नट, त्याचा छोटा पान्हा आणि धूळ यांचा मिळून चांगलाच वैताग होतो, म्हणून तो मी लावत नाही. बसवल्यावर साबणाच्या पाण्याचा थेंब टाकून बुडबुडे येतात का ते बघावे, आणि व्हॉल्वच्या साध्या टोप्या जवळ ठेवाव्यात.

आतल्या सेन्सरला फांदी, दगड, चिखल यांची भीती नसते, आणि हवा सोडताना-भरताना तो मध्ये येत नाही. रोज हवा कमी-जास्त करणाऱ्या माणसासाठी हे सुख लहान नाही. बॅटरी मात्र सहसा आत बंद केलेली असते. ती साधारण ५ ते १० वर्षे चालते आणि संपली की टायर उतरवून अख्खा सेन्सरच बदलावा लागतो. वाटेत टायरचा बीड (रिमला घट्ट बसणारी कडा) रिमवरून सोडवायची वेळ आली तर टायरची पहार सेन्सरवर पडून तो मोडू शकतो, म्हणून व्हॉल्वच्या विरुद्ध बाजूपासून काम सुरू करावे. पंक्चर थांबवणारे द्रव ओतण्यापूर्वीही विचार करावा, कारण त्याने सेन्सरचे बारीक छिद्र बुजू शकते.

आपला मार्ग पाहता मी गाडीच्या चार चाकांना आतले सेन्सर सुचवेन, विशेषतः नवे टायर चढवायचेच असतील तर. ट्रेलरची चाके व स्टेपनी यांना टोपी-सेन्सर चालतील, परंतु दोन्ही प्रकार एकाच डिस्प्लेला जोडता येतात याची खात्री करून. ट्रेलर विसरू नये, असे मुद्दाम लिहितो. गाडीचे चाक बसले तर स्टिअरिंग ओढ घेते, आवाज बदलतो. ट्रेलरचे चाक बसल्याचे मात्र अनेकदा टायरच्या चिंध्या झाल्यावरच आरशात दिसते. सेन्सरचा रेडिओ संदेश क्षीण असतो आणि मध्ये गाडीचा पत्रा व सामान येते, म्हणून ट्रेलरसाठी संदेश पुढे पाठवणारे जोडयंत्र लागण्याची शक्यता आहे. फक्त मोबाईलवर दिसणारी ब्लूटूथची यंत्रणा मी एवढ्या लांबच्या प्रवासासाठी टाळेन; नकाशा उघडलेला असताना, फोन तापलेला असताना किंवा ॲप मागे झोपी गेलेले असताना इशारा पोचेलच असे नाही. सौर पट्टीचा डिस्प्ले सुटसुटीत दिसतो, पण बंद गाडीच्या काचेमागे उन्हात त्याची बॅटरी भाजून निघते. गाडीच्या १२ व्होल्टवर चालणारा बरा.

प्रश्न : काही यंत्रणा देतात त्या जलद गळतीच्या सूचनेचा नेमका अर्थ काय? डिस्प्लेवरचा आकडा त्या क्षणाचाच असतो ना?

उत्तर : तसा उल्लेख वर राहूनच गेला होता, तो आपण काढलात हे बरे झाले. आकडा त्या क्षणाचा असतोच असे नाही. बॅटरी वाचवण्यासाठी सेन्सर दर काही सेकंदांनी दाब मोजतो, परंतु फरक नसेल तर मिनिटामिनिटांच्या अंतरानेच कळवतो; थोड्या वेळात दाब ठरावीक प्रमाणात घसरला तर मात्र वेळापत्रक सोडून लगेच संदेश पाठवतो. हीच जलद गळतीची सूचना. ठरवलेली खालची मर्यादा गाठण्याची ती वाट पाहत नाही, म्हणून कमी दाबावर चालताना तिचे मोल मोठे. १६ पीएसआयवर टायरचा बीड रिमला आधीच सैल धरून असतो. आणखी ४-५ पीएसआय गेले आणि त्याच वेळी जोरात वळण घेतले तर टायर रिमवरून सुटू शकतो. गाडी उभी असताना बरेचसे आतले सेन्सर झोपलेले असतात, त्यामुळे सकाळी दिसणारा आकडा कालचाही असू शकतो. थोडे अंतर चालवल्यावरच त्यावर विश्वास ठेवावा.

प्रश्न : यंत्रणा घेतल्यावर हातातले गेज (दाबमापक) ठेवण्याची गरज आहे काय? माझ्याकडे घाटमाथ्यावर दोघांचे आकडे जुळेनासे झाले होते.

उत्तर : गेज ठेवावेच. सेन्सरच्या आकड्यात एखाद-दीड पीएसआयचा फरक असणे सामान्य आहे; ३४ वर तो नगण्य, १५ वर मात्र तो दहा टक्क्यांच्या घरात जातो. निघण्यापूर्वी थंड टायरवर, सावलीत, चारही चाके चांगल्या गेजने मोजून प्रत्येक सेन्सरचा फरक लिहून ठेवावा.

घाटमाथ्यावरच्या विसंगतीचे कारण बहुधा वेगळे आहे. टायरचा दाब आपण नेहमी बाहेरच्या हवेच्या तुलनेत मोजतो आणि उंचावर बाहेरची हवा विरळ होते. समुद्रसपाटीच्या तुलनेत ३,००० मीटरवर वातावरणाचा दाब सुमारे साडेचार पीएसआयने कमी असतो, म्हणून तेवढ्याने गेजचा आकडा वाढतो. उलट, वर थंडी असते आणि ३२ पीएसआयच्या टायरमध्ये तापमान सुमारे ६ अंश सेल्सिअसने उतरले की १ पीएसआय कमी होतो. समुद्रसपाटीवर ३० अंशांत ३२ भरलेला टायर ३,००० मीटरवर १० अंशांत गेजवर ३३ ते ३४ दाखवेल. परंतु अनेक सेन्सर आतला एकूण दाब मोजतात आणि त्यातून समुद्रसपाटीचा ठरावीक दाब वजा करून आकडा देतात. त्यांना विरळ हवा कळत नाही, थंडी तेवढी कळते, म्हणून तेच टायर डिस्प्लेवर २९ दिसतात. अशा वेळी गेजचा आकडा खरा, कारण वजन पेलण्याचे काम तोच फरक करतो. डिस्प्लेवर विसंबून वर हवा भरली आणि तसेच खाली उष्ण सपाटीवर उतरलो तर मात्र हिशेब उलटा लागतो. डिस्प्लेमध्ये वायुभारमापक असलेले संच ही दुरुस्ती स्वतः करतात. उंचावर नेहमी जाणाऱ्याने तेवढे विचारून घ्यावे.

तापमानाच्या आकड्याबद्दलही थोडे. टोपी-सेन्सर बाहेरच्या वाऱ्यात आणि उन्हात असल्यामुळे त्याचे अंश टायरच्या आतली उष्णता नीट सांगत नाहीत. आतला सेन्सर त्याहून बरा, तरी रिमजवळ असल्याने ब्रेकची धगही मोजतो. म्हणून एकट्या आकड्यापेक्षा तुलना कामाची. एकाच धुरीवरच्या दोन चाकांत सारखा दाब असताना एकच चाक सतत १५-२० अंशांनी तापलेले दिसले, तर गाडी थांबवून ब्रेक घासत नाही ना आणि हबचे बेअरिंग गेले नाही ना, हे आधी पाहावे.