शेल्टरमधून आणलेली आमची कुत्री पिटबुल आहे का, आणि असेल तर परत करावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: शेल्टरमधून दीड वर्षाची कुत्री आणली, कागदावर 'लॅब मिक्स' (लॅब्रेडॉरचा संकर) लिहिलंय, पण फिरायला नेली की लोक 'पिटबुल' म्हणत बाजूला होतात, आणि लस द्यायला गेलात तेव्हा डॉक्टरही तेच म्हणाले. चार फोटो टाकलेत. ती पिटबुल आहे का, आणि असली तर घरात लहान मूल असताना ठेवावी की परत करावी?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: फोटोवरून मला सांगता येणार नाही. हा विनय नाही, अनुभव आहे. सहा वर्षं मी एका शेल्टरमध्ये पिंजऱ्यांवर लावायची कार्डं लिहायचे. नाव, अंदाजे वय, वजन आणि जात. ही 'जात' कशी भरली जाते ते आधी ऐका. नवा कुत्रा आला की त्याला वजनकाट्यावर उभं करायचं. तो हलत असतो, आकडा नाचत असतो. आकडा थांबेपर्यंत जेवढा वेळ जातो तेवढ्यात आपण त्याच्याकडे बघतो. डोकं रुंद, केस आखूड, छाती भरलेली, अंगावर वाघासारखे पट्टे? हात आपोआप 'पिटबुल मिक्स' लिहून मोकळा. तुमच्या कागदावरचं 'लॅब मिक्स'ही असंच कुणीतरी काट्यासमोर उभं राहून लिहिलेलं असणार. कदाचित जाणूनबुजून, तिला लवकर घर मिळावं म्हणून. असंही करतात.

माझी फजिती सांगते. एकदा चार महिन्यांचं एक पट्टेरी पिल्लू आलं. मी 'पिटबुल मिक्स' लिहिलं. साधारण तीन आठवड्यांनी दुसरं एक आलं, झुपकेदार शेपटीचं, कान अर्धे पडलेले. त्याला 'शेफर्ड मिक्स' केलं. ते घेऊन आलेला माणूस सही करताना सहज म्हणाला, "याचा भाऊ आधीच तुमच्याकडे आहे ना?" एकाच आईची, एकाच वेताची पिल्लं, आणि मी त्यांना दोन जाती वाटून बसले होते. झुपकेदार शेपटी चौथ्या दिवशी घरी गेली. पट्टेरी पाच महिने राहिला. या पाच महिन्यांतलं एक दृश्य अजून डोळ्यांसमोर आहे: एक मुलगी जाळीला तळहात लावून उभी, हा पलीकडून तो चाटतोय, तिला गुदगुल्या होतायत. वडील हसतच आले, कार्ड वाचलं आणि मुलीचा हात मागे खेचला. कार्डावरचा तो शब्द माझ्या अक्षरात होता.

हे फक्त माझं अज्ञान असतं तर बरं झालं असतं. 2015 मध्ये फ्लोरिडातल्या चार शेल्टरमधल्या 120 कुत्र्यांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथल्याच 16 जणांना, ज्यांत पशुवैद्यही होते, कुत्रे दाखवून जात लिहायला सांगितली आणि कुत्र्यांचं रक्त डीएनए तपासणीला पाठवलं. सगळ्यांचं मिळून 62 कुत्र्यांवर पिटबुलचा शिक्का बसला. तपासणीत त्या जातींचा अंश निघाला 120 पैकी 25 मध्ये. उलट बाजूही तितकीच मजेशीर आहे: जे खरोखर त्या रक्ताचे होते, त्यांतले सगळ्यात तयार नजरेच्या माणसाला पाऊणच ओळखता आले आणि सगळ्यात कच्च्या नजरेला जेमतेम एक तृतीयांश. म्हणजे 'मला पिटबुल बरोबर कळतो' म्हणणारे कित्येक पिटबुलांना लॅब समजून कुरवाळून गेलेले असतात.

असं का होतं? कारण कुत्र्याचं बाहेरचं रूप अगदी मोजक्या जनुकांवर चालतं. केस लांब, कुरळे की दाढीमिशांसारखे राठ, यातला बहुतेक फरक फक्त तीन जनुकांमुळे पडतो, हे 2009 मध्ये दाखवलं गेलं. त्यामुळे दोन जातींचा संकर झाला की पिल्लं आईबापांसारखी दिसतीलच असं नाही. स्कॉट आणि फुलर या अमेरिकन शास्त्रज्ञांनी गेल्या शतकाच्या मध्यात आखूड केसांचा बसेंजी आणि लांब केसांचा, लोंबत्या कानांचा कॉकर स्पॅनियल या दोन जातींचा संकर केला होता. त्या पिल्लांकडे बघून यांच्या घरात कॉकर आहे असं कुणी म्हटलं नसतं. आखूड केस आणि रुंद डोकं तर बॉक्सर, मॅस्टिफ, बुलडॉग, कुणाकडूनही येऊ शकतं.

त्यात 'पिटबुल' ही एक जातही नाही, ती अनेक जातींची बांधलेली मोट आहे. इंग्लंडमध्ये बैलांवर कुत्रे सोडण्याचा खेळ चालायचा. 1835 च्या कायद्याने तो बंद झाला आणि लोक कुत्र्यांच्या झुंजींकडे वळले. त्यासाठी बुलडॉग आणि टेरियर यांच्या संकरातून जे कुत्रे तयार झाले त्यांची ही भावकी. अमेरिकेतल्या युनायटेड केनेल क्लबने 1898 पासून 'अमेरिकन पिट बुल टेरियर' नोंदवला. अमेरिकन केनेल क्लब ते नाव आजही मानत नाही. तिथे याच भावकीतला कुत्रा 1936 मध्ये 'स्टॅफर्डशायर टेरियर' या नावाने आला आणि 1972 मध्ये त्या नावाच्या आधी 'अमेरिकन' लागलं. ब्रिटनचा 'स्टॅफर्डशायर बुल टेरियर' वेगळाच. नोंदणी करणाऱ्या संस्थांचंच जिथे एकमत नाही, तिथे रस्त्यावर तुम्हाला बघून बाजूला होणाऱ्या माणसाला कुठला पिटबुल अभिप्रेत आहे, देव जाणे.

आता दुसरी बाजू, कारण पिटबुलप्रेमींचंही मला सगळं पटत नाही. 'हे तर मुलं सांभाळणारे कुत्रे' हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. मुलं माणसांनी सांभाळायची. हा कुत्रा अंगाने दणकट असतो. झुंजीच्या पैदाशीत दुसऱ्या कुत्र्यावर तुटून पडण्याची आणि न सोडण्याची वृत्ती निवडली गेली होती, आणि काही कुत्र्यांत दुसऱ्या कुत्र्यांबद्दलची ती चीड दिसतेही. असा कुत्रा चावला तर जखम मोठी होते. त्याच्या जबड्याला 'कुलूप लागतं' ही मात्र शुद्ध थाप. तसली कुठलीही यंत्रणा त्याच्या हाडांत नाही.

मग बातम्यांमधले आकडे? ते वाचताना वजनकाट्यासमोर उभी असलेली मी आठवा. चावलेल्या कुत्र्याची जातही अशीच कुणीतरी बघून लिहिलेली असते. अमेरिकेत 2000 ते 2009 या काळातले कुत्र्याच्या हल्ल्यातले 256 मृत्यू संशोधकांनी एकेक करून तपासले. जात खात्रीने ठरवता आली अशी प्रकरणं निघाली 45. वारंवार सापडल्या त्या वेगळ्याच गोष्टी. जवळपास 87 टक्के वेळा मध्ये पडू शकेल असं धडधाकट माणूस तिथे नव्हतं, 84 टक्के प्रकरणांत कुत्र्याचं निर्बीजीकरण झालेलं नव्हतं, आणि सुमारे तीन चतुर्थांश कुत्रे घरातल्या माणसांत मिसळून न ठेवता वेगळे, बांधून वगैरे ठेवलेले होते. यातल्या प्रत्येक गोष्टीवर तुमचा ताबा आहे. तिच्या डोक्याच्या रुंदीवर नाही. 2022 मध्ये 18,000 हून जास्त कुत्र्यांच्या मालकांना प्रश्न विचारून आणि दोनेक हजार कुत्र्यांचे जनुक वाचून झालेल्या अभ्यासात, कुत्र्याकुत्र्याच्या वागण्यात जो फरक असतो त्यातला साधारण 9 टक्केच जातीने समजतो असं निघालं.

डीएनए तपासणी करायची तर हौसेने करा. पण भाड्याच्या घराच्या करारात किंवा विम्यात 'पिटबुल चालणार नाही' असं असेल, तर आधी तिथली भाषा नीट वाचा. ब्रिटनच्या 1991 च्या कायद्यात तर बंदी दिसण्यावर आहे. आईबाप कोण होते याला तिथे किंमत नाही, मापं घेतात. अशा ठिकाणी डीएनए तपासणीचा अहवाल हातात असूनही उपयोग होत नाही.

आता परत करण्याबद्दल. जातीसाठी करू नका. पण तुमचा तिसरा फोटो मी मोठा करून दोनदा पाहिला. मुलाने तिच्या गळ्यात दोन्ही हात टाकलेत आणि गाल टेकवलाय. तुम्हाला त्यात माया दिसली असेल. तिचे कान मागे चिकटलेत, तोंड घट्ट मिटलंय, मान दुसरीकडे वळलीये आणि डोळ्याच्या कडेला पांढरी कोर दिसतेय. ती 'सोड मला' म्हणतेय, तिला येत असलेल्या सगळ्यात सभ्य भाषेत. ऐकलं गेलं नाही तर ती गुरगुरेल. त्यावर तिला दटावलं तर पुढच्या वेळी गुरगुरण्याची पायरी गाळेल. कार्डावर लॅब लिहिलेलं असतं तरी हेच सांगितलं असतं.

तेव्हा आजपासून मिठ्या बंद. तिला एक कोपरा द्या, अंथरुणासकट, आणि मुलाने तिथे जायचं नाही. ती जेवताना कुणीही जवळ नको. मोठं माणूस खोलीत नसेल तर दोघांना एकत्र सोडू नका, दार उघडायला उठलात तरी एकाला बरोबर न्या. मुलाने खाली बसायचं आणि तिला स्वतःहून येऊ द्यायचं. आली तर छातीवर हात फिरवायचा, तीनपर्यंत मोजायचं, हात काढून घ्यायचा. ती आणखी जवळ सरकली तर पुन्हा. उठून गेली तर जाऊ द्यायचं. दोन आठवडे हे करून पाहा आणि त्यातला एखादा फोटो टाका. मी कानच बघेन.