झारखंडात जमले ते मुंबईत का जमले नाही?

प्रश्न : मी नंदुरबार जिल्ह्यातील एका संस्थेत आरोग्य पर्यवेक्षिका आहे. महिला गटांच्या मासिक बैठकांमुळे झारखंड-ओडिशात नवजात बालकांचे मृत्यू कमी झाले, असे प्रशिक्षणात सांगण्यात आले. परंतु हाच प्रयोग मुंबईच्या वस्त्यांमध्ये निष्फळ ठरला, असेही वाचनात आले. आमच्या पाड्यांवर असे गट सुरू करावेत की नाही? कोणत्या अभ्यासावर विश्वास ठेवावा?

उत्तर : ताई, दोन्ही अभ्यासांवर विश्वास ठेवावा. दोन्ही चाचण्या काळजीपूर्वक झालेल्या आहेत, आणि त्या एकमेकींना खोट्या पाडत नाहीत. मात्र त्या शेजारी शेजारी ठेवून वाचाव्या लागतात.

बैठकीत नेमके काय घडते, ते आधी पाहू. औषध वाटले जात नाही, व्याख्यानही होत नाही. गावातलीच एक प्रशिक्षित स्त्री चित्रांची कार्डे जमिनीवर मांडते. बायका त्यातून आपल्या गावातल्या अडचणी ओळखतात आणि सर्वांत गंभीर अडचण कोणती, हे मत देऊन ठरवतात. मग एखाद्या बाळाची गोष्ट सांगितली जाते आणि प्रत्येक टप्प्यावर ‘असे का झाले?’ हा प्रश्न विचारला जातो. बाळ गार का पडले? उघडे ठेवले म्हणून. उघडे का ठेवले? वार पडेपर्यंत सगळ्यांचे लक्ष आईकडे होते म्हणून. या उत्तरांतूनच पुढच्या महिन्यांत काय करायचे, ते गट स्वतः ठरवतो.

‘एकजुट’ संस्थेने 2005 ते 2008 या काळात झारखंड-ओडिशातील पश्चिम सिंहभूम, सराईकेला-खरसावां आणि केओंझर या जिल्ह्यांत ही पद्धत तपासली, तेव्हा तीन वर्षांत नवजात मृत्युदर (जन्मल्यापासून 28 दिवसांच्या आत दगावणाऱ्या बाळांचे प्रमाण) गट नसलेल्या, तुलनेसाठी निवडलेल्या गावांपेक्षा 32 टक्क्यांनी कमी आढळला. मला त्यातली सर्वांत बोलकी गोष्ट वेगळीच वाटते : दवाखान्यात जाऊन बाळंत होणाऱ्यांचे प्रमाण फारसे बदलले नव्हते, बदलले होते ते घरातल्या बाळंतपणाचे रूप. सुईण साबणाने हात धुऊ लागली आणि नाळेसाठी स्वच्छ पाते व उकळलेला दोरा वापरात आला. म्हणजे जिथे बहुतेक बाळंतपणे घरी होत होती आणि मृत्यूंमागची बरीच कारणे घरातच टाळता येण्याजोगी होती, तिथे गटाच्या हाती करण्यासारखे पुष्कळ काही होते.

मुंबईत 48 वस्त्यांमध्ये झालेल्या चाचणीत चित्र निराळे होते. तिथे बहुसंख्य स्त्रिया आधीपासूनच रुग्णालयात बाळंत होत होत्या, मृत्युदर मुळातच बराच कमी होता, आणि गर्भवती स्त्रियांपैकी फार थोड्या बैठकींना आल्या. नाळ कशाने कापायची, हा निर्णय जिथे आई किंवा सासू घेतच नाही, तिथे त्यावरच्या चर्चेने मृत्यू कसे कमी व्हावेत?

बांगलादेशाचा अनुभव मात्र याहूनही शिकवणारा आहे. तिथल्या तीन ग्रामीण जिल्ह्यांत पहिल्या चाचणीत काहीच फरक पडला नाही. तेव्हा सुमारे 1,414 लोकसंख्येमागे एक गट होता. ‘एकजुट’च्या कामात हे प्रमाण 468 लोकांमागे एक असे होते. संशोधकांनी पद्धत मोडीत काढली नाही. त्याच जिल्ह्यांत गट वाढवून सुमारे 309 लोकांमागे एक केला, आणि नवजात मृत्युदर 38 टक्क्यांनी घटला. अपयशी ठरलेली पहिली चाचणी त्यांनी प्रामाणिकपणे छापली, म्हणून तर दुसरी इतकी अर्थपूर्ण ठरली. असे निष्कर्ष दडपले जातात तेव्हा त्याची किंमत बाळंतिणी आणि बाळे मोजतात, असे मला मनापासून वाटते.

भारत, नेपाळ, बांगलादेश आणि मलावी इथल्या सात चाचण्यांचे एकत्रित विश्लेषण 2013 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात नवजात मृत्यूंमध्ये सरासरी 23 टक्के घट दिसली. परंतु जिथे किमान 30 टक्के गर्भवती स्त्रिया गटात आल्या, तेवढ्याच चाचण्या घेतल्या तर घट 33 टक्के होती. सहभाग जास्त असलेली ठिकाणे ग्रामीण होती, त्यामुळे श्रेय सहभागाचे किती आणि परिस्थितीचे किती, हे केवळ या आकड्यांवरून वेगळे करता येत नाही. बांगलादेशाची दुसरी चाचणी इथेच उपयोगी पडते, कारण तिथे जिल्हे तेच होते आणि गटांची संख्या बदलली होती. नुसती 23 ही सरासरी हाती घेऊन नियोजन करणे मात्र धोक्याचे आहे. ती ना मुंबईची आहे, ना झारखंडची.

बैठका आशाताईंनी घेतल्या तर चालेल का, अशी शंका आपल्या मनात येईल. झारखंड-ओडिशातच आशांनी चालवलेल्या गटांच्या चाचणीचे निष्कर्ष 2016 मध्ये आले; तिथेही मृत्युदर सुमारे 31 टक्क्यांनी कमी होता. अर्थात आपल्या आशाताईंवर आधीच किती कामे आहेत, हे आपल्याला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक असेल.

म्हणून निर्णयाआधी आपल्याच नोंदवह्या उघडाव्यात. गेल्या वर्षी प्रत्येक पाड्यावर किती बाळंतपणे घरी झाली, दगावलेली बाळे कितव्या दिवशी आणि कशाने गेली, हे पाहावे. बाळे रुग्णालयात किंवा वाटेवर दगावत असतील, तर आधी वाहन आणि तिथली शुश्रूषा यांकडे पाहावे लागेल. घरी दगावत असतील, तर गट जरूर सुरू करावेत. मात्र विखुरलेल्या तीन पाड्यांसाठी मिळून एकच गट काढू नये, कारण डोंगर उतरून बैठकीला येणे सातव्या महिन्यातल्या बाईला जमणार नाही, आणि बैठक तर तिच्यासाठीच आहे.