अमेरिकेतल्या केप कॉडला मुलांना घेऊन जातोय. समुद्राऐवजी गल पाँडवर जाता येईल का?

हो, जरूर जा. समुद्राचं पाणी गार आणि शार्कची धास्ती, म्हणून लहान मुलांसाठी तुम्ही गोड्या पाण्याचं तळं शोधताय, तर वेलफ्लीट गावातलं गल पाँड मी डोळे झाकून सुचवेन.

फक्त गाडीचं आधी बघा. तळं १९६१ साली संरक्षित झालेल्या केप कॉड नॅशनल सीशोअर या राष्ट्रीय किनारपट्टीच्या हद्दीत असलं, तरी पार्किंग गावाच्या ताब्यात आहे. ऐन उन्हाळ्यात गाडीवर गावाचं पार्किंग स्टिकर लागतं. ते रहिवाशांना आणि गावात मुक्काम करणाऱ्यांना मिळतं. बॉस्टनहून एका दिवसात जाऊन येणार असाल तर लेबर डे (सप्टेंबरचा पहिला सोमवार) उलटल्यावर जा. गर्दी ओसरलेली असते आणि सप्टेंबरात पाणी अजून पोहण्याजोगं असतं.

गल पाँड आणि आसपासची तळी हिमयुगातली. हिमनदी मागे हटताना बर्फाचे प्रचंड ठोकळे वाळूत गाडले गेले, ते वितळले आणि खड्डे उरले. त्यांत दिसतं ते भूजलच. कोकणात समुद्राला लागून असलेल्या विहिरीला गोडं पाणी लागतं ना, तसंच: मुरलेलं पावसाचं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं. बहुतेक तळ्यांना ना ओढा येऊन मिळतो, ना बाहेर पडतो. गल पाँडला एक अरुंद पाट आहे, त्यातून वसंतात हेरिंग मासे अंडी घालायला वर येतात. पण तेवढ्याने तळं धुऊन निघत नाही. पडेल ते साठत जातं.

म्हणून हात जोडून सांगते, मुलांना पाण्यात सोडण्याआधी बाथरूमला नेऊन आणा. तिथलं पाणी नितळ आहे ते त्यात शेवाळाला खायला फारसं काही नाही म्हणून, आणि लघवीतला फॉस्फरस म्हणजे शेवाळाला खतच. अंगभर सनस्क्रीन चोपडण्यापेक्षा लांब बाह्यांचे पोहायचे कपडे घाला. उतारावरून वाटेल तिथून खाली उतरू नका. वाळू ढासळून तळ्यात जाते.

जूनमध्ये गेलात तर उथळ पाण्यात वाळूत बशीएवढे गोल खळगे दिसतील. ती पम्पकिनसीड माशांची घरटी. नर वर घिरट्या घालत राखण करतो, दुसरा मासा जवळ आला की अंगावर धावून जातो. घरटी न तुडवता मुलांना बाजूला उभं राहून बघू द्या.

काठापासून थोडं पुढे गेलं की तळ एकदम खोल जातो, तेव्हा लहानग्यांना लाइफ जॅकेट हवंच. आणि घरी आल्यावर गुडघ्यामागे, कानामागे, केसांत गोचीड तपासा. गोचीड चावल्याने होणारा लाइम डिसीज त्या भागात बराच आहे.