पिरिऑडिक म्हणजे नियतकालिक नव्हे!

'जनरलाइज्ड ऑर्डिनरी डिफरन्शियल इक्वेशन्सच्या पिरिऑडिक-टाइप सोल्यूशन्सचं अस्तित्व' हे गणितातल्या लेखाचं शीर्षक मराठीत कसं लिहू, 'नियतकालिक-प्रकारची उत्तरे' चालेल का, असा प्रश्न आलाय. अजिबात नाही चालणार! नियतकालिक म्हणजे मासिक, साप्ताहिक, जे पोस्टाने येतं ते. गणितातल्या पिरिऑडिकला, म्हणजे ठरलेल्या अंतराने पुन्हा पुन्हा तसंच येणाऱ्याला, हा शब्द लावलेला ऐकून ऐकून कान किटलेत. शब्द आहे आवर्ती, आवर्ती दशांश शाळेतच शिकलोय ना आपण.

आणि काय सुंदर शब्द आहे! मूळ धातू वृत्, फिरणे, वळणे. त्यातूनच वृत्त, वर्तुळ, आवर्त म्हणजे भोवरा, आणि वर्त्मन् म्हणजे चाकाने पडलेली चाकोरी, ज्याचं प्राकृतात वट्ट झालं आणि आपल्याकडे वाट. आता ग्रीककडे बघा, पेरिओदोस, पेरि म्हणजे भोवती आणि होदोस म्हणजे वाट! म्हणजे त्यांनी भोवती आणि वाट असे दोन शब्द जोडून जे केलं ते आपल्या एकाच धातूच्या पोटात आधीपासून आहे. काही जाणकार म्हणवणारे 'वाट' हा शब्द 'वाटणे'वरून लावतात, शेतं वाटते, म्हणजे विभागते, म्हणून वाट म्हणे. साफ चूक. ते जुन्या लेखनात 'वांटणें' होतं, अनुस्वारासकट, वण्ट् धातूवरून आलेलं. वाटेवर कधी अनुस्वार होता का?

बोलीतही आवर्तन जिवंत आहे. कालव्याला उन्हाळी आवर्तन सुटतं, तबल्यावर तीनतालाच्या 16 मात्रांचं आवर्तन संपून सम येते. आता गंमत अशी की सम तीच, पण गायक मागच्याच आवर्तनातली जागा जशीच्या तशी घेत नाही, आणि 'पिरिऑडिक-टाइप' म्हणजे मला तरी नेमकं हेच वाटतं. ठरलेल्या काळानंतर उत्तर हुबेहूब परत येत नाही, एका ठरलेल्या मॅट्रिक्सने, म्हणजे आकड्यांच्या चौकटीने, गुणलेलं, म्हणजे फिरवलेलं किंवा उलटवलेलं येतं. साइन फलनच घ्या, पाय (π) एवढं पुढे गेलं की तेच, फक्त चिन्ह उलटं. याला मी 'आवर्तधर्मी' म्हणेन.

हां, 'जनरलाइज्ड ऑर्डिनरी'. याचं 'सामान्यीकृत सामान्य' करू नका हो, वाचणारा तिथेच अडखळतो. 'विस्तारित साधी अवकल समीकरणे' म्हणा; अवकल समीकरण म्हणजे एखादी गोष्ट किती वेगाने बदलते ते सांगणारं समीकरण. कुर्झवाइल या चेक गणितज्ञाने 1957 मध्ये ती मांडली, अवकलजाऐवजी, म्हणजे क्षणाक्षणाच्या बदलाच्या दराऐवजी, इंटिग्रलवर, म्हणजे साठत जाणाऱ्या बेरजेवर, उभी केली, त्यामुळे उत्तराने मधेच उडी मारली तरी चालतं, कालव्याचं दार एकदम उघडावं तशी. आणि अस्तित्वाचं म्हणाल तर मॅसेरा या उरुग्वेच्या गणितज्ञाने 1950 मध्येच दाखवलं होतं की साध्या रेषीय आवर्ती समीकरणाला एक जरी मर्यादेत राहणारं उत्तर असेल तर आवर्ती उत्तरही असतंच, त्याच धर्तीची प्रमेयं या विस्तारित समीकरणांसाठी शोधतात. म्हणून शीर्षक असं लिहा: 'विस्तारित साध्या अवकल समीकरणांच्या आवर्तधर्मी उत्तरांचे अस्तित्व'.